फुप्फुसांचे आजार, श्वसनसंसर्ग आणि संशोधनाचा पैसा : मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पालिकेच्या रुग्णालयांतले निवासी डॉक्टर आणि प्राध्यापक, खासगी चेस्ट फिजिशियन, यंत्रं बनवणारे इंजिनिअर आणि बऱ्याचदा रुग्णांचे नातेवाईक विचारतात. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तराचा काही भाग दुसरीकडे असेल तर तो क्रमांक दिला आहे. रकमा आणि मुदती बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात वाचाच.

१. संशोधन अनुदान म्हणजे नेमकं काय? त्यातून माझ्या वडिलांच्या उपचारांचा खर्च निघेल का?

नाही. अनुदान एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी असतं. त्यातून प्रकल्पावरच्या माणसांचे पगार, तपासण्या, रसायनं, सहभागी रुग्णांचा प्रवासखर्च आणि विमा भागवला जातो. उपचारांसाठी मदत हवी असेल तर वाट वेगळी आहे. क्षयरोगाची औषधं, अगदी औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरचं बेडाक्विलिनसुद्धा, राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ पर्यंत ही रक्कम ५०० होती). रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. वडिलांना एखाद्या चाचणीत सामील व्हा असं सांगितलं असेल तर प्रश्न ११ पाहा.

२. पैसे देतं कोण? मुंबईत बसून अर्ज कुठे करायचा?

बहुतेक अर्ज ऑनलाइन जातात, त्यामुळे दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. सर्वांत मोठं दार आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं. ही संस्था १९११ पासून, वेगळ्या नावाने का होईना, हेच काम करते आहे. जैवतंत्रज्ञान विभाग मूलभूत आणि उपयोजित दोन्ही प्रकारच्या कामाला पैसे देतो. त्याच विभागाने २०१२ मध्ये उभी केलेली बायरॅक कंपन्या आणि स्टार्टअपसाठी आहे (प्रश्न ८). विज्ञान संशोधनाला पैसे देणारं जुनं सरकारी मंडळ एसईआरबी आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झालं आहे, तेव्हा जुने दुवे आणि जुने नमुने वापरू नका. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची २००८ पासूनची इंडिया अलायन्स प्रकल्पापेक्षा माणसाला फेलोशिप देते. संशोधनात मुरायचं ठरवलेल्या डॉक्टरांनी ती नजरेआड करू नये.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत अंतर्गत संशोधन निधी असतो. रक्कम छोटी असते, पण मोठ्या अर्जाला लागणारी प्राथमिक आकडेवारी त्यातूनच गोळा होते.

३. अर्जात ‘नवा मार्ग’ मागतात, म्हणजे नवं औषधच शोधायला हवं का?

मुळीच नाही. तीन उदाहरणं देतो. तिन्ही वेगळ्या जातीची आहेत.

पहिलं झारखंडचं. आयसीएमआरच्या पैशातून झालेल्या ‘रेशन्स’ चाचणीत क्षयरुग्णांना आणि काही गटांत त्यांच्या घरच्यांनाही दरमहा शिधा देण्यात आला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरांतली १०,३४५ माणसं अभ्यासात होती. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने क्षयरोग होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. थुंकीच्या तपासणीत सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इथे ‘औषध’ होतं तांदूळ आणि डाळ.

दुसरं परळचं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट जनुकीय प्रकारात जेफिटिनिब या गोळीच्या जोडीला जुनी, स्वस्त केमोथेरपी दिली तर काय होतं ते ३५० रुग्णांवर तपासलं. आजार पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. नवा रेणू एकही नव्हता. प्रश्न मात्र नेमका होता, आणि तो विचारायला लागणारे रुग्ण रोज ओपीडीत येत होते.

तिसरं खऱ्या अर्थाने नवं औषध. प्रेटोमॅनिड हे टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने पुढे आणलं. बेडाक्विलिन, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्यासोबतची त्याची सहा महिन्यांची उपचारपद्धती जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये शिफारशीत घेतली आणि भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. त्याआधी औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी दीड-दोन वर्षं गोळ्या घ्याव्या लागत.

माझं मत विचाराल तर मुंबईत पहिल्या दोन प्रकारचं काम सर्वांत चांगलं होऊ शकतं आणि आपण तेच सर्वांत कमी मागतो.

४. क्षयरोगाला एवढा पैसा मिळतो, मग दमा आणि सीओपीडीला (श्वासनलिका अरुंद होत जाण्याच्या जुनाट आजाराला) का नाही?

तक्रार खरी आहे. २०१६ सालच्या आजारभाराच्या अभ्यासानुसार भारतात सीओपीडीचे सुमारे ५ कोटी ५३ लाख आणि दम्याचे ३ कोटी ७९ लाख रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के, पण दीर्घकालीन श्वसनविकारांनी हिरावलेल्या निरोगी आयुष्यवर्षांत तो ३२ टक्के होता.

कारण कोणाचा दुष्टावा नाही. क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, प्रत्येक रुग्णाची निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद आहे आणि उपचारांचा शेवट ठरलेला आहे. सीओपीडीत स्पायरोमेट्रीच (फुंकर मारून फुप्फुसक्षमता मोजण्याची तपासणी) मुळात कमी होते, नोंदवही नाही आणि आजार वीस वर्षं रेंगाळतो. तीन वर्षांच्या प्रकल्पात दाखवता येईल असं काही हाती लागत नाही, म्हणून परीक्षक कचरतात. यावर उपाय म्हणजे कमी काळात मोजता येईल असा प्रश्न निवडणं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या कामगारांची फुप्फुसक्षमता इंधन बदलण्याआधी आणि नंतर मोजणं हा तीन वर्षांत बसणारा अभ्यास आहे. अशा संधी शहर आपणहून देतं.

आणि क्षयरोगालाही मुबलक पैसा मिळतो हा गैरसमज आहे. त्यावरच्या संशोधनासाठी २०२७ पर्यंत दरवर्षी ५ अब्ज डॉलर उभे करायचं २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरलं. त्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च १.२ अब्जांच्या आसपास होता.

५. कबुतरांमुळे फुप्फुसं खराब होतात, तर त्यावर संशोधनाला पैसे मिळतील का?

२०२५ च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेल्यापासून हा प्रश्न थांबत नाही. पिसं आणि विष्ठेतल्या प्रथिनांमुळे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (ॲलर्जीतून फुप्फुसांना येणारी सूज) होऊ शकतो, याबद्दल वैद्यकशास्त्रात वाद नाही. पण भारतातल्या फुप्फुसाच्या अंतरालीय, म्हणजे ऊती जाड आणि कडक करणाऱ्या, आजारांच्या नोंदवहीत (१९ शहरांतली २७ केंद्रं, १,०८४ रुग्ण, २०१७) ४७ टक्के रुग्णांना हाच आजार निघाला आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आला होता. पक्ष्यांचा वाटा त्याहून कमी होता.

म्हणून ‘कबुतरं घातक आहेत हे सिद्ध करणं’ असा उद्देश लिहून अर्ज करू नका. निष्कर्ष आधीच ठरलेला दिसला की परीक्षक पान उलटतात. मुंबईसारख्या दमट हवेत कोणता संपर्क किती धोका वाढवतो, त्यात भिंतीवरची बुरशी, एसी, कबुतरं सगळंच आलं, हे निरोगी शेजाऱ्यांशी तुलना करून तपासायचं म्हटलंत तर अर्जाला वजन येईल.

६. मी एमबीबीएसला किंवा एमडीला आहे. माझ्यासाठी काही आहे का?

आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची एसटीएस योजना १९७९ पासून चालू आहे. त्यासाठी तुमच्याच महाविद्यालयातला मार्गदर्शक लागतो. पदव्युत्तर प्रबंधासाठीही आयसीएमआरचं साहाय्य आहे. विषय ठरतानाच त्याकडे बघा, निम्मे रुग्ण नोंदवून झाल्यावर नको.

७. माझा दादरला खासगी दवाखाना आहे, कोणत्याही महाविद्यालयात नाही. अर्ज करता येईल?

एकट्याने जवळजवळ नाहीच. सरकारी अनुदान संस्थेला मिळतं. खासगी किंवा ट्रस्टची संस्था असेल तर तिला डीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची, वैज्ञानिक संशोधन संस्था म्हणून मान्यता असावी लागते. सोपा मार्ग म्हणजे पालिकेच्या किंवा सरकारी महाविद्यालयातल्या कोणाबरोबर सहसंशोधक व्हायचं. तुमचे रुग्ण, त्यांची प्रयोगशाळा.

पैशांशिवाय काहीच होत नाही असं मात्र समजू नका. २०१२ च्या सुरुवातीला माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांबद्दल एक छोटं पत्र प्रसिद्ध केलं. तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारा क्षयरोग त्यांनी नोंदवला होता. त्यांनी वापरलेली ‘टोटली ड्रग रेझिस्टंट’ (पूर्णतः औषधप्रतिरोधी) ही संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली नाही, पण मुंबईतल्या औषधप्रतिरोधी क्षयरोगाकडे दुर्लक्ष करणं त्यानंतर कोणाला जमलं नाही. जपून ठेवलेली केसपेपरची फाइल हेही भांडवलच आहे.

८. मी खोकल्यावरून किंवा एक्स-रेवरून आजार ओळखणारं ॲप किंवा यंत्र बनवतो आहे. मला कोण पैसे देईल?

सुरुवातीच्या कल्पनेसाठी बायरॅकचं बिग अनुदान आहे: १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. अर्ज भागीदार इनक्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्रांमार्फत, हाताळले जातात. पवईला आयआयटीतलं साइन आणि पुण्याचं व्हेंचर सेंटर इथे आधी जाऊन बोला. वैद्यकीय उपकरण घडवायला आयआयटीतच २०१४ पासून बेटिक हे केंद्र आहे.

या वाटेवर मुंबईची कामगिरी वाईट नाही. क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे संगणकाकडून वाचून घ्यायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये, १५ वर्षं आणि त्यावरील वयासाठी, मान्यता दिली आणि मुंबईची क्युअर डॉट एआय या क्षेत्रातली ठळक कंपनी आहे. गोव्याच्या मोलबायोचं, क्षयरोग शोधणारं ट्रूनॅट हे सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या पैशाचा सुरुवातीला हातभार लागलेल्या यंत्राचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. त्याला जागतिक मान्यता २०२० मध्ये मिळाली.

दोन धोके सांगतो. रुग्णालयातल्या मित्राने पेन ड्राइव्हवर दिलेले एक्स-रे वापरू नका. रुग्णांचे हक्क जपण्यासाठी संशोधन तपासणाऱ्या नीतिमत्ता समितीच्या मंजुरीशिवाय मिळवलेला डेटा पुढे प्रत्येक टप्प्यावर आडवा येतो (प्रश्न १२). आणि जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या १ लाख कोटींच्या संशोधन-विकास निधीचं नाव ऐकून हुरळून जाऊ नका. तो प्रामुख्याने कमी व्याजाचं दीर्घ मुदतीचं कर्ज आणि भांडवल देण्यासाठी आहे, तेही प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या तंत्रज्ञानाला. कागदावरच्या कल्पनेला तिथे जागा नाही.

९. नफा कमावणाऱ्या औषध कंपन्यांना जनतेचा पैसा का द्यायचा?

रागाने विचारला जाणारा आणि रास्त प्रश्न. न्यूमोनियावरचं नॅफिथ्रोमायसिन हे ताजं उदाहरण आहे. वोक्हार्ट या मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीचं हे प्रतिजैविक दिवसातून एकदा, तीन दिवस घ्यायचं असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ते जाहीर केलं तेव्हा १४ वर्षं आणि सुमारे ५०० कोटींचा खर्च सांगितला गेला. त्यांपैकी बायरॅकचे ८ कोटी, तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीसाठी.

प्रतिजैविकात कंपन्यांना नफा कमी दिसतो, कारण औषध थोडेच दिवस घ्यायचं असतं आणि चांगलं असेल तर डॉक्टर ते राखून ठेवतात. त्यामुळे सरकारने थोडा धोका वाटून घेणं मला पटतं. त्या पैशाच्या बदल्यात किमतीबद्दल काय कबूल करून घेतलं, हे मात्र जाहीर व्हायला हवं.

१०. परदेशातून पैसे मिळाले तर कोणत्या परवानग्या लागतात?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. परदेशी साहाय्य किंवा सहकार्य असलेल्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, म्हणजे एचएमएससीची, मंजुरी लागते. सचिवालय आयसीएमआरकडे आहे. पैसे घेण्यासाठी ट्रस्ट किंवा स्वयंसेवी संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि ते दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच आधी यावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत. ‘ट्रस्टने घ्यायचे आणि तीन रुग्णालयांना वाटायचे’ ही जुनी रचना त्यामुळे बाद झाली. प्रत्येक केंद्राशी देणाऱ्याने वेगळा करार करायचा.

अमेरिकी विद्यापीठामार्फत येणाऱ्या उप-अनुदानांवर विसंबणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. मे २०२५ मध्ये तिथल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने परदेशी संस्थांना जुन्या पद्धतीने उप-अनुदानं देणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

११. आईला नव्या औषधाच्या चाचणीत घेतो म्हणाले. हो म्हणू का?

तो निर्णय आईचा. तो घेण्याआधी सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा. भारतातल्या चाचण्यांची ही सार्वजनिक नोंदवही २००७ पासून आहे आणि कोणालाही बघता येते. संमतीपत्र मराठीत मिळायला हवं, घरी नेऊन वाचायला वेळ मिळायला हवा. चाचणीची औषधं आणि तपासण्या यांचे पैसे द्यायचे नसतात. चाचणीमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांनुसार मोफत उपचार आणि भरपाई मिळते. कधीही कारण न देता बाहेर पडता येतं आणि म्हणून नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. पूर्णपणे नव्या रेणूची चाचणी असेल आणि सहभागी दुर्बल गटातला असेल तर संमतीचं दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचं आहे. कॅमेरा बघून घाबरू नका, ते तुमच्याच रक्षणासाठी आहे.

१२. आधी नीतिमत्ता समितीची मंजुरी की आधी अनुदान?

अर्ज आधी करता येतो, पण मंजुरीपत्राशिवाय पैसे सुटत नाहीत आणि पहिला रुग्ण नोंदवता येत नाही. समितीला वेळ लागतो, म्हणून दोन्ही कामं बरोबरच चालू ठेवा. केईएम, सायन आणि नायर अशा तीन ठिकाणी काम असेल तर तिन्ही समित्यांकडे जावं लागतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बहुकेंद्री अभ्यासासाठी सामायिक परीक्षणाची सोय आहे, फक्त सगळ्या संस्थांनी ती मान्य करायला हवी. तसं आधीच विचारून ठेवा.

१३. बाजारात असलेलंच औषध फुप्फुसाच्या दुसऱ्या आजारासाठी वापरून पाहायचं आहे. दिल्लीची, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकाची, परवानगी लागते का?

हा अपवाद अनेकांना माहीत नसतो. मान्यताप्राप्त औषधाचा नवा वापर, नवी मात्रा किंवा ते देण्याचा नवा मार्ग केवळ शैक्षणिक हेतूने तपासायचा असेल आणि निष्कर्ष विक्रीच्या परवान्यासाठी किंवा जाहिरातीसाठी वापरायचे नसतील तर २०१९ च्या नियमांत त्याला शैक्षणिक चाचणी म्हणतात. त्याला नीतिमत्ता समितीची मंजुरी पुरते. पण कंपनीने औषध फुकट देऊ केलं आणि निकालावर हक्क मागितला, तर हेतू शैक्षणिक उरला का, हे समिती विचारणारच.

१४. माझा अर्ज नाकारला गेला. कारण तर धड कळलं नाही. काय चुकलं असेल?

अर्ज न वाचता सांगणं कठीण, पण वाचलेल्या बऱ्याच अर्जांत त्याच गोष्टी दिसतात. उद्देश पाच-सहा असतात, रुग्णसंख्या कुठून आली ते सांगितलेलं नसतं आणि संख्याशास्त्रज्ञाचं नाव शेवटच्या पानावर औपचारिकतेपुरतं असतं. प्रस्तावनेत मुंबईतली गर्दी, चाळी, झोपडपट्टी, प्रदूषण यांचं दोन पानी वर्णन असतं. परीक्षकाला ते ठाऊक आहे. त्याला तुमचा प्रश्न एका वाक्यात हवा असतो.

मुंबईपुरत्या दोन गोष्टी सांगतो. पाठपुरावा कॅलेंडर पाहून आखा. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी कोकणात जातात, मे महिन्यात मुलंबाळं गावी असतात, उत्तर भारतातले कामगार छठला आणि लगीनसराईत महिना-दोन महिने गायब होतात. या काळात तिसरी भेट ठेवलीत तर निम्मे रुग्ण हातचे जातात. ‘गावी गेलेल्यांशी फोनवर संपर्क आणि जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी’ एवढी तरतूद जरी लिहिली तरी परीक्षकाला कळतं की माणूस ओपीडीत बसलेला आहे. दुसरं, हवेचा अभ्यास असेल तर पूर्ण वर्ष घ्या. इथे पावसाने धूळ बसते आणि हिवाळ्यात हवा बिघडते. सहा महिन्यांची मोजणी अर्धीच गोष्ट सांगते.

१५. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक दायित्वाचा) निधी फुप्फुसाच्या संशोधनासाठी घेता येतो का?

येतो, पण दार अरुंद आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली पात्र कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करायचे असतात. सातव्या परिशिष्टानुसार ते वैद्यकीय संशोधनासाठी सरकारी पैशावर चालणारी विद्यापीठं, आयआयटी, आयसीएमआरसारख्या संस्था किंवा सरकारच्या निधीतून चालणारे प्रकल्प यांना देता येतात. खासगी रुग्णालयाचा स्वतःचा प्रकल्प यात सहसा बसत नाही. त्याच रुग्णालयाने वस्तीत मोफत तपासणी शिबिर घेतलं तर ते आरोग्यसेवा म्हणून बसतं, म्हणून काही जण संशोधनाला शिबिराचं नाव देतात. तसं करू नका. संमती न घेता शिबिरात जमवलेली माहिती पुढे कुठेच छापता येत नाही.

१६. पैसे उरले, किंवा औषधाचा काहीच उपयोग झाला नाही असं निघालं, तर पैसे परत करावे लागतात का?

निष्कर्ष नकारात्मक आला म्हणून कोणी पैसे परत मागत नाही. न वापरलेली रक्कम आणि तिच्यावरचं व्याज परत करावं लागतं. प्रत्येक वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात, लेखा विभागाच्या सहीने द्यावं लागतं. ते अडकलं की पुढचा हप्ता अडकतो आणि पहिला फटका प्रकल्पावरच्या कंत्राटी परिचारिकेला बसतो, कारण तिचा पगार त्यातूनच व्हायचा असतो. यासाठी प्रकल्पाचं खातं पहिल्याच आठवड्यात वेगळं काढा, लेखा विभागातल्या एका माणसाशी ओळख ठेवा आणि मार्चची वाट न पाहता दर तिमाहीला हिशेब जुळवा. अंतिम अहवालात नकारात्मक निष्कर्ष तसाच लिहा आणि सीटीआरआयवरची नोंदही अद्ययावत करा.